आटणं

अंडी उबेला लावली की दुसऱ्या आठवड्यापासून एखादं पापणीला लावून बघायची मला सवय लागली आहे. डोळा मिटायचा, अंड्याची कूस पापणीवर टेकवायची आणि दोन श्वास थांबायचं. भाकरी थापून, भांडी घासून तळहात निबर झालेले. त्यांना अंशा-दीड अंशाचा फरक कळत नाही. पापणीला कळतो. इजिप्तमध्ये मातीच्या विटांच्या भट्ट्यांत अंडी उबवणारी माणसं पिढ्यानपिढ्या असंच करत आली. शेणकुटाची आणि काडाची धग, जवळ ना काटा ना पारा, आणि हजारो अंड्यांची राखण एका पापणीवर. हे वाचलं तेव्हा मला हसू आलं, कारण आमच्या गावाचं नावच ईट. बाहेरगावी सांगितलं की हिंदी बोलणाऱ्याला वीट आठवते आणि इंग्रजी शाळेतल्या पोराला जेवण.

ईट धाराशिव जिल्ह्यात, भूम तालुक्यात आहे. बालाघाटचा माथा. पलीकडं बीड जिल्ह्यात, पाटोद्याच्या अंगाला मांजरा उगम पावते; पण उगमाजवळ राहणाऱ्यांना नदीचा फारसा उपयोग नसतो, अंगात पाणी येईपर्यंत ती पुढं निघून गेलेली असते. हा मुलूख खव्याचा. जिराईत रान, दावणीला चार गाई आणि गावोगाव खव्याच्या भट्ट्या. माझ्या सासऱ्यांचं सगळं आयुष्य अशाच भट्टीवर गेलं. आमच्याकडं सासऱ्याला मामा म्हणतात आणि सासूला आत्याबाई. मी इथं आले ती पंचगंगेच्या काठावरून, जिथं पावसाळ्यात पाणी विचारल्याशिवाय परसात येतं. बदकं माहेरी रोजची. ईटला बदक बघायला मिळेल असं मात्र कधी वाटलं नव्हतं.

ती आली शेततळ्यामागून. सरकारची ‘मागेल त्याला शेततळे’ ही योजना २०१६ ची. त्यानंतर आमच्या भागात काळ्या प्लॅस्टिकची तळी दिसायला लागली. आमचंही झालं. त्यात पाणी साठल्यावर भाऊजींनी एका बाजारातून सहा माद्या आणि एक नर आणला. एका नरामागं पाच-सहा माद्या हे प्रमाण बरोबर आहे, हे नंतर कळलं. तेव्हा पिशवीत तेवढीच मावली होती. पहिल्याच दिवशी गंमत झाली. बदकं आनंदानं तळ्यात उतरली आणि संध्याकाळी त्यांना वर येता येईना. प्लॅस्टिकच्या उतारावर पाय ठरत नाही. चार पावलं चढायची की घसरून परत पाण्यात. शेवटी बारदानं एकाला एक शिवून उतारावर सोडली, वर दोन दगड ठेवले, तेव्हा सातही जण शिस्तीत ओळीनं घरी आले. बदकं आणि तळं म्हटलं की आपल्याला गदिमांचं, आशाबाईंनी गायलेलं गाणं आठवतं. ते लिहिणारे गदिमा माणदेशातले, म्हणजे आमच्यासारख्याच कोरड्या मुलखातले.

आमची बदकं खाकी कॅम्पबेल. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी इंग्लंडमध्ये ग्लॉस्टरशायर परगण्यात अ‍ॅडेल कॅम्पबेल नावाच्या बाईनं ही जात तयार केली. अंडी भरपूर मिळावीत हा तिचा एक हेतू होता, आणि तो इतका सफल झाला की चांगली मादी वर्षाला अडीचशेच्या वर अंडी देते. या सौद्यात एक गोष्ट मात्र हातची गेली. ही बदकीण अंड्यांवर बसत नाही. पहाटे अंडं घालते, चिखलात घालते, चालता चालताही घालते, आणि मागं वळून बघत नाही. बसायचं काम मग कुणीतरी दुसऱ्यानं करायचं. एक तर खुडूक कोंबडीनं, नाही तर मशीननं.

मी मशीन केलं. थर्मोकोलची पेटी, त्यात बल्ब, थर्मोस्टॅट, झाकणाला भोकं. माहेरी भावाची अशीच पेटी होती आणि त्याला वीसात चौदा-पंधरा पिल्लं सहज मिळायची. त्याला फोनवर विचारून सगळं तसंच्या तसं केलं. चैत्रात वीस अंडी मांडली. अठ्ठाविसाव्या दिवशी चार पिल्लं निघाली, त्यातलं एक लंगडं.

उरलेली सोळा उकिरड्यावर टाकायला निघाले आणि अर्ध्या वाटेवरून परत आले. म्हटलं, फोडून तर बघू. परसात पत्र्यावर बसून एकेक फोडलं. आत्याबाई नाकाला पदर लावून लांब उभ्या. “पाप हाय बाई ते,” म्हणाल्या, पण आत गेल्या नाहीत. तीन नुसतीच गंदी, बलक जसाच्या तसा, म्हणजे मुळात फळलेलीच नव्हती. पाचांत रक्ताचं एक कडं तेवढं दिसलं, अंगठीएवढं, म्हणजे पहिल्या आठवड्यातच गेलेली. आणि आठ अंड्यांत पुरी वाढलेली पिल्लं. चोच, नख्या, पिवळी-करडी लव, सगळं जागच्या जागी. आतला पापुद्रा चिवट कागदासारखा झालेला आणि पिल्लाच्या अंगाला असा चिकटलेला की नखानं सोडवावा लागला. त्यांना मान वळवता आली नव्हती. सत्तावीस दिवस वाढून ती शेवटच्या दिवशी, दाराशी येऊन मेली होती.

मामा भट्टीवरून आले, हात पुसत खाली बसले, एक अंडं उचलून त्यांनी तळहातावर झेललं. मग दुसरं. दूध, खवा, सोनं, काहीही हातात आलं की ते आधी वजन करतात. “हलकं लागतंय गं,” म्हणाले. “लई आटलंय.”

“अंडं आटतं का मामा?”

“न आटायला काय झालं? दूध आटतंय, हीर आटतीय. किती आटवायचं ते ठाव पाहिजे.”

पाच-सहा लिटर दुधाचा किलोभर खवा. हे त्यांचं सगळं शास्त्र. कमी आटला तर पातळ राहतो, दुसऱ्या दिवशी आंबतो. जास्त आटला तर कोरडा पडतो, कढईला लागतो. सरळ हिशेब आहे, आणि अंड्याच्या बाबतीत तोच हिशेब मोठमोठ्या हॅचरीत करतात, हे मला नंतर कळलं. बदकाचं अंडं उबेला लावल्यापासून पिल्लू कवचाला चोच मारेपर्यंत वजनात साधारण बारा ते चौदा टक्क्यांनी उतरलं पाहिजे. सत्तर ग्रॅमचं अंडं धरलं तर नऊ ग्रॅम. हे सगळं पाणी. अंड्याचं कवच म्हणजे माठ. त्याला हजारो बारीक छिद्रं असतात आणि त्यांतून आतलं पाणी वाफ होऊन रोज थोडं थोडं जातं. जितकं पाणी जातं तितकी बुडख्याकडची हवेची पोकळी वाढते. पिल्लू आयुष्यातला पहिला श्वास घेतं तो त्या पोकळीतला, कवच फोडायच्याही आधी. मला हे वाचून थोडा वेळ काही सुचलं नाही. पाणी गेल्याशिवाय आत श्वासाला जागाच होत नाही.

पाणी कमी गेलं तर पोकळी लहान राहते आणि पिल्लू ओलाव्यात गुदमरतं. जास्त गेलं तर पापुद्रा सुकून पिल्लाला आवळतो. आमच्या आठ पिल्लांचं तेच झालं. भावाची पेटी पंचगंगेच्या दमट हवेतली. त्यानं पेटीत एक वाटी पाणी ठेवलं की भागायचं. तीच वाटी मी चैत्रातल्या ईटच्या वाऱ्यात ठेवली. इथं उन्हाळ्यात धुतलेली साडी दोरीवर टाकून पिना शोधेस्तोवर वाळते. पेटी तीच, बल्ब तोच, वाटी तीच. हवा तेवढी माझ्या लक्षात आली नव्हती.

दुसऱ्या खेपेला मामांनी त्यांचा इलेक्ट्रॉनिक काटा दिला. या काट्याला ते घरात कुणाला हात लावू देत नाहीत, म्हणून सांगते. प्रत्येक अंड्यावर पेन्सिलनं त्याचं वजन लिहिलं, एका बाजूला फुली, दुसऱ्या बाजूला गोल. फुली-गोल कशाला, तर अंडी दिवसातून पाचदा फिरवायची आणि कुठलं फिरवलं ते कळायला पाहिजे. कोंबडी चोचीनं हे दिवसभर करतच असते. नाही फिरवली तर वाढणारा गर्भ वर येऊन पापुद्र्याला चिकटतो. पाचदाच का, चारदा का नाही? विषम आकडा असला की रात्रीची लांब वेळ एक दिवस फुलीवर जाते, एक दिवस गोलावर. दर रविवारी सगळी अंडी काट्यावर, आणि वजन कालनिर्णयावर, दुधाच्या खाड्यांच्या शेजारी. पंचवीस दिवसांत तेरा टक्के, म्हणजे आठवड्याला साडेतीनच्या आसपास. पहिल्या रविवारी बघते तर सहा टक्क्यांहून जास्त उतार. वाटी काढली, पसरट ताटली ठेवली. तरीही जास्तच. मग ताटलीत जुन्या टॉवेलचा तुकडा उभा करून ठेवला. पेटीत दमटपणा पाण्याच्या खोलीनं येत नाही, हवेला लागणाऱ्या ओल्या पृष्ठभागानं येतो. खोल तांब्या भरून ठेवला तरी त्याचं तोंड लहान ते लहानच. दमटपणा पन्नास-पंचावन्न टक्क्यांवर आला आणि उतार सरळ झाला. त्या खेपेला अकरा निघाली.

भाद्रपदातली खेप उलटी गेली. आठ दिवस झड लागलेली, भिंतीसुद्धा घाम आल्यासारख्या. मी शहाणपणानं तीच ताटली, तोच टॉवेल ठेवला. चौदाव्या दिवशी वजन बघून मामा म्हणाले, “दूध पातळ हाय अजून.” ताटली काढून टाकली, पेटी कोरडी चालवली, तरी उशीरच झाला होता. दोन पिल्लं कवचात बुडून गेली. म्हणून कुणी मला विचारलं, की पेटीत पाणी किती ठेवावं, तर मी आकडा सांगत नाही. काटा घ्या म्हणते.

रक्ताचं कडं दाखवणाऱ्या त्या पाच अंड्यांचा दोष पेटीचा नव्हता, माझा होता. वीस अंडी जमायला मी बारा दिवस लावले आणि ती फडताळात ठेवली. एकवीस-बावीस अंशांच्या वर ऊब मिळाली की फळलेल्या अंड्यातला जीव हळूहळू जागा व्हायला लागतो. आमच्या फडताळात दुपारी छत्तीस-सदतीस. म्हणजे तो रोज दुपारी अर्धवट जागा होत होता, पहाटे परत थांबत होता, आणि पेटीत जायच्या आधीच दमला होता. हॅचरीत अंडी पंधरा-सोळा अंशांवर ठेवतात आणि आठवड्याच्या आत मांडतात. आमच्याकडं तेवढं गार करायचं यंत्र कुठलं? घरातल्या रांजणाची युक्ती कामी आली. मोठ्या कुंडीत ओली वाळू, वाळूत कोरडं मडकं, मडक्यात भुशावर अंडी, बुडखा वर. वरून ओलं फडकं. पंधरा अंश नाही होत, पण फडताळाच्या मानानं स्वर्ग. आणि सात दिवसांत जेवढी जमतील तेवढीच मांडायची, मोह धरायचा नाही.

धुण्याचंही तसंच. बदकाचं अंडं चिखलानं भरलेलं असतं आणि बाईच्या जातीला ते बघवत नाही. पहिल्या खेपेला मी नळाच्या गार पाण्यानं धुतली, चकचकीत केली. गार पाण्यानं आतलं द्रव्य आकसतं आणि बाहेरची घाण छिद्रांतून आत ओढली जाते. धुवायचीच तर अंड्याहून चांगल्या कोमट पाण्यानं. त्याहून बरं म्हणजे रात्री खुराड्यात कोरडं काड घालावं आणि सकाळी लवकर उठून अंडी उचलावीत. सात-आठपर्यंत बदकिणींचं काम आटोपलेलं असतं.

ऊब किती, हा सगळ्यांचा पहिला प्रश्न असतो आणि उत्तर सगळ्यात सोपं आहे. पेटीत पंखा असेल तर साडेसदतीस अंश. नसेल तर अंड्यांच्या वरच्या बाजूला अडतीस-साडेअडतीस, कारण बंद पेटीत वर गरम आणि खाली गार असे थर पडतात. माझा थर्मामीटर झाकणाला टांगलेला होता. तो झाकणाची ऊब सांगत होता. दीरांनी जुन्या कॉम्प्युटरचा छोटा पंखा बसवून दिला आणि तो प्रश्न संपला. वीज जाण्याची मला आधी फार धास्ती होती. एकदा थंडीत रात्री वीज गेली, तेव्हा मी पेटीवर वाकळ टाकून चहूबाजूनं खोचून घेतली, लेकराला घ्यावी तशी. अंडी चोविसाव्या दिवसाची होती. त्या वयात आतल्या जिवाला हवा भरपूर लागते, आणि मी भोकंच बुजवली होती. तास-दोन तास गार राहून ती तगली असती. मायेनं गुदमरली.

आणि इथं मला आत्याबाईंचं सांगायचंय. त्यांच्या आईकडं, खूप पूर्वी, कुणीतरी आणून दिलेली बदकाची अंडी खुडूक कोंबडीखाली ठेवायचे. अंडी विषम ठेवायची, टोपल्याच्या बुडाशी लोखंडाचा खिळा, विजेचा कडकडाट झाला तर अंडी गंदी होऊ नयेत म्हणून. खिळ्याचं मी सोडून देते, पण त्यांनी पुढं सांगितलं ते सोडता येईना. कोंबडी दिवसातून एकदा चरायला उठायची. कोंबडीच्या अंड्यांना त्या वेळी कुणी हात लावत नसे. बदकाची असली, तर आई हातावर कोमट पाणी घेऊन अंड्यांवर शिंपडायची, तुळशीला घालतात तसं. “बदकीण असती तर वल्ल्या अंगानं येऊन बसली असती,” एवढंच त्याचं कारण.

पुस्तकं तेच सांगतात. साधारण आठवडा उलटल्यावर पंचविसाव्या दिवसापर्यंत रोज एकदा झाकण उघडायचं, दहा-पंधरा मिनिटं अंडी उघडी ठेवायची, कोमट पाण्याचा फवारा द्यायचा. पाणी आत जातं म्हणून नव्हे. निम्मे दिवस सरले की बदकाचं अंडं स्वतःच तापायला लागतं; ते कोंबडीच्या अंड्याहून मोठं, बलक जास्त, चरबी जास्त, आत भट्टीच पेटलेली. फवाऱ्याचं पाणी उडून जाताना ती धग घेऊन जातं. पुन्हा माठच. बल्बला हे कळत नाही. तो प्रामाणिकपणे तापत राहतो, उठून चरायला जात नाही. मी आता रोज दुपारी भांडी आवरली की झाकण काढते आणि पेटीपासून लांब जाऊन बसते. पंधरा मिनिटं. पहिल्या-पहिल्यांदा जीव राहायचा नाही, सारखी उठून बघायची.

पंचविसाव्या दिवशी फिरवणं बंद, फवारा बंद, आणि आता दमटपणा वाढवायचा, सत्तरपर्यंत, म्हणजे पापुद्रा मऊ राहतो. मग झाकण उघडायचं नाही. हे दोन-तीन दिवस घरात सगळे हळू बोलतात, का ते कुणालाच सांगता येणार नाही. सव्विसाव्या रात्री कान लावला तर आतून बारीक चिवचिव येते, कवच अजून अखंड असताना. अमेरिकेत गिल्बर्ट गॉटलिब नावाच्या शास्त्रज्ञानं बदकांच्या अशा पिल्लांवर पुष्कळ वर्षं काम केलं. अंड्यात असताना ज्यांना कुणाचा आवाज, स्वतःचासुद्धा, ऐकू दिला नव्हता, त्या पिल्लांना बाहेर आल्यावर बदकिणीची हाक आणि कोंबडीची हाक यांतला फरक कळेना. म्हणजे पिल्लू आईला ओळखायला शिकतं ते स्वतःच्या आवाजावरून.

पहिला टवका उडाल्यापासून पुरं बाहेर यायला चोवीस तास लागतात, कधी त्याहून जास्त. या वेळात पापुद्र्यातलं रक्त पिल्लाच्या अंगात परत जातं, उरलेला बलक पोटात ओढला जातो. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, ते अडकलंय. मलाही वाटलं होतं. दुसऱ्या खेपेला एका पिल्लाला मी चिमट्यानं कवच सोलून मदत केली. पापुद्रा ओला होता, त्यातून लाल थेंब आला आणि थांबेना. ते पिल्लू मी त्या अकरांत धरलेलं नाही.

गेल्या खेपेला अठरा फळलेल्या अंड्यांतून पंधरा निघाली. भाऊजी म्हणाले, आता मोठं मशीन घेऊ, पाचशे अंड्यांचं. मामा काही बोलले नाहीत. पिल्लं बारदानावरून तळ्यात उतरली तेव्हा मात्र येऊन उभे राहिले आणि पाण्याची पातळी बघून म्हणाले, वैशाखापर्यंत पुरंल.

सध्या पेटीत नवी खेप आहे. मांडली तेव्हा वीस, सातव्या दिवशी मोबाइलच्या उजेडात दोन गंदी दिसली, ती काढली. उरलेल्या अठरांवरची पेन्सिलची वजनं बेरजेला १,२६२ ग्रॅम. आज रविवार, चौदावा दिवस, काट्यावर १,१७० भरली. हिशेबाला बसतंय. कालनिर्णयावर लिहून काटा पुसला आणि मामांना परत दिला; खव्याची गाडी यायची वेळ झाली होती.